बहुमत काँग्रेसचे, कौल समितीचा

संयुक्त महाराष्ट्र कोणी मिळवला, हा वाद दरवर्षी १ मेच्या आसपास नव्याने पेटतो आणि दरवर्षी त्याच दोन टोकांवर अडकून पडतो. एका बाजूचे म्हणणे असे की हे राज्य हुतात्म्यांच्या रक्ताने मिळाले. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी, सेनापती बापट, प्रबोधनकार ठाकरे यांच्या सभांनी आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने ते दिल्लीकडून हिसकावून घेतले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की रस्त्यावरच्या घोषणांनी राज्ये बनत नसतात. यशवंतराव चव्हाणांनी धीराने पंडित नेहरूंचे मन वळवले, पक्षश्रेष्ठींच्या मनातली अढी काढली, म्हणून मंगल कलश आला. दोन्ही बाजूंना ओढ आहे ती श्रेयाची. त्यामुळे वाद पुतळ्यांचा, चौकांच्या नावांचा आणि पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदांचा होऊन बसतो, आणि ज्या लक्षावधी मतदारांनी मतपेटीतून आपला निर्णय नोंदवला होता, त्यांचा उल्लेखही कोणी करत नाही.

या लेखातली भूमिका अशी आहे की फेब्रुवारी-मार्च १९५७मध्ये झालेली मुंबई राज्याच्या विधानसभेची निवडणूक हीच या सगळ्या घडामोडींतली निर्णायक घटना होती. तिने सरकार बदलले नाही. निवडणुकीपूर्वी मुख्यमंत्री असलेले यशवंतराव निवडणुकीनंतरही मुख्यमंत्री राहिले. पण सत्ताधारी पक्षाचे बळ राज्याच्या कोणत्या भागात आहे आणि कोणत्या भागात नाही, याचे चित्र तिने असे काही पालटले की मराठी आणि गुजराती भाषकांना एकत्र ठेवणारे द्विभाषिक राज्य टिकवणे काँग्रेसच्याच हिताचे राहिले नाही. हे घडले नसते तर चळवळीची तीव्रता आणि यशवंतरावांचे चातुर्य या दोन्ही गोष्टी, त्या खऱ्या असूनही, अपुऱ्या पडल्या असत्या.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५मध्ये तेलुगू, कन्नड आणि मल्याळम भाषकांना जे तत्त्व लावले, ते मराठी आणि गुजराती भाषकांना नाकारले. त्यांच्यासाठी मुंबईचे द्विभाषिक राज्य आणि विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६मध्ये मुंबईत गोळीबार झाले. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा केली. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती ही विरोधी पक्षांची आघाडी स्थापन झाली. मुंबईच्याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. ऑगस्टमध्ये संसदेने पुन्हा दिशा बदलली आणि विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ या सर्वांना एकत्र बांधणारे विशाल द्विभाषिक मंजूर केले. त्यावर अहमदाबादेतही गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे राज्य अस्तित्वात आले आणि चारच महिन्यांत निवडणूक झाली. एका वर्षात तीन वेळा बदललेला हा नकाशा ज्यांच्यासाठी आखला जात होता, त्यांना त्याविषयी मत देण्याची ही पहिली संधी होती.

आता निकालाकडे पाहू. विधानसभेच्या ३९६ जागा होत्या. त्यांपैकी १३२ गुजराती भाषक भागात आणि २६४ मराठी भाषक भागात. काँग्रेसने २३४ जागा जिंकल्या. १९५२मध्ये जुन्या मुंबई राज्यात तिने ३१५पैकी २६९ जागा मिळवल्या होत्या. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही, कारण मधल्या काळात राज्याच्या सीमाच बदलल्या होत्या. समितीचे अभिमानी ही तुलना करतात तेव्हा ते स्वतःच्या बाजूचे नुकसान करतात. खरी गोष्ट राज्याच्या एकूण बेरजेत नाही, ती विभागवार निकालात आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला साधारण एक चतुर्थांश जागांवर समाधान मानावे लागले. मुंबई शहरात दोन्ही बाजूंचे बळ जवळजवळ सारखे झाले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात या तीन विभागांनी मात्र काँग्रेसला भरभरून जागा दिल्या. लोकसभेच्या मतदानातही हाच कल दिसला. पुण्यात काकासाहेब गाडगिळांसारखा मातब्बर नेता नानासाहेब गोऱ्यांकडून पराभूत झाला. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, राजापुरातून नाथ पै, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, मुंबईच्या गिरणगावाच्या बळावर श्रीपाद अमृत डांगे लोकसभेत गेले. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव कऱ्हाडमधून जेमतेम निवडून आले.

हा निकाल पुढच्या पिढ्यांना नीट दिसला नाही, याचे एक कारण निवडणुकीच्या अधिकृत नोंदीतच आहे. समिती हा मान्यताप्राप्त पक्ष नव्हता. ती आघाडी होती. तिचे उमेदवार आपापल्या पक्षांच्या नावाने किंवा अपक्ष म्हणून लढले. त्यामुळे निवडणूक आयोगाच्या तक्त्यात काँग्रेसच्या २३४ जागांखाली प्रजासमाजवादी पक्षाच्या ३६, शेतकरी कामगार पक्षाच्या ३१, कम्युनिस्टांच्या १३, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १३, जनसंघाच्या ४ आणि अपक्षांची मोठी रांग एवढेच दिसते. समिती हे नाव तिथे सापडत नाही. हा तक्ता पाहून कोणी असे म्हणाले की एका बलाढ्य पक्षासमोर विखुरलेले विरोधक होते, तर तक्त्यापुरते ते बरोबरच ठरेल. पण त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातला मतदार ज्या मतपत्रिकेसमोर उभा होता, तिथे त्याच्या मनात दोनच पर्याय होते: काँग्रेस की समिती. दोन बाजूंमधल्या सरळ लढतीला आकडेवारीने बहुरंगी लढतीचे रूप दिले, आणि आपण आजही त्या रूपालाच वास्तव समजतो.

या निकालाने बदलले ते काय? काँग्रेसच्या २३४ सदस्यांमधून गुजरातमधले सदस्य वजा केले की बहुमतासाठी लागणारा १९९चा आकडा गाठता येत नाही. म्हणजे मराठी मुख्यमंत्र्याचे सरकार गुजराती सदस्यांच्या पाठिंब्यावर उभे होते, आणि ज्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातून तो मुख्यमंत्री आला होता तिथल्याच मतदारांनी त्याच्या पक्षाला नाकारले होते. विधानसभेत महाराष्ट्राशी संबंधित कोणताही वादग्रस्त प्रश्न मताला टाकला गेला की हे उघडे पडत असे. दुसरीकडे गुजरातमधल्या काँग्रेसजनांनाही महागुजरातच्या चळवळीमुळे स्वतःच्या मतदारसंघात खाली पाहावे लागत होते. ते ज्या राज्याला आधार देत होते, ते त्यांच्या लोकांनाही नको होते. मग या राज्याचा राजकीय लाभ नेमका कोणाला होता? मुंबईतले काही भांडवलदार आणि त्यांच्याशी निगडित असलेले काही नेते वगळले, तर काँग्रेसमध्येही असा लाभार्थी सापडणे कठीण होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने वाटेवर केलेली प्रचंड निदर्शने सर्वांच्या स्मरणात आहेत. पण त्या निदर्शनांना वजन आले ते आठ-नऊ महिन्यांपूर्वीच्या निकालामुळे. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक केवळ निदर्शक नव्हते. त्या भागाने निवडून दिलेल्या बहुसंख्य प्रतिनिधींचे ते मतदार होते. पुढच्या वर्षी मुंबईच्या महापौरपदावर समितीचे कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर बसले, तेव्हा राजधानीच्या शहराचा कारभारही काँग्रेसच्या हातून निसटत असल्याचे स्पष्ट झाले.

या भूमिकेवरचा पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप चळवळीच्या बाजूने येतो. निवडणुकीला निर्णायक म्हणणे म्हणजे शंभराहून अधिक हुतात्म्यांचे बलिदान दुय्यम ठरवणे नव्हे काय? हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. गोळीबार झाले नसते तर समिती स्थापन झाली नसती, समाजवादी आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले नसते, आणि सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला मुंबईच्या गिरणी कामगाराचे मरण आपले वाटले नसते. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट तपासावी लागते. आंध्रमध्ये पोट्टी श्रीरामुलू यांचे १५ डिसेंबर १९५२ रोजी उपोषणात निधन झाले आणि १९ डिसेंबरला नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. तिथे एका मृत्यूनंतर चार दिवसांत निर्णय झाला. महाराष्ट्रात जानेवारी १९५६पर्यंत कितीतरी माणसे गोळ्यांनी मेली होती, तरी त्या मृत्यूंनंतर जे मिळाले ते आधी केंद्रशासित मुंबई आणि मग विशाल द्विभाषिक. बलिदानातूनच राज्य निर्माण होत असेल, तर ते १९५६मध्येच व्हायला हवे होते. मुंबईच्या बाबतीत दिल्लीच्या मनात जो हिशेब होता तो शोकाने बदलणारा नव्हता. तो बदलण्यासाठी सत्ता जाण्याची धास्ती लागली, आणि ती धास्ती मतपेटीने निर्माण केली. हुतात्म्यांचा अवमान होतो तो हे म्हटल्याने होत नाही. त्यांच्या मरणाचा अर्थ समजून ज्यांनी मत दिले, त्यांना विसरल्याने होतो.

दुसरा आक्षेप यशवंतरावांच्या बाजूचा आहे आणि त्यातही तथ्य आहे. निवडणूक हरलेले अनेक पक्ष हट्टाने त्याच धोरणाला चिकटून राहतात. पराभवाचा अर्थ पक्षाला समजावून सांगणारा, आणि तो अर्थ मान्य करताना पक्षाची मान खाली जाऊ न देणारा माणूस आत असावा लागतो. यशवंतराव तसे होते. द्विभाषिक राज्याचा कारभार त्यांनी प्रामाणिकपणे केला, विरोधकांशी बोलणे तोडले नाही, प्रतापगडच्या वेळी संयम राखला, आणि राज्य चालते आहे पण लोकांच्या मनात ते रुजत नाही, ही गोष्ट त्यांनी नेहरूंपर्यंत पोहोचवली. १९५९मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधी यांनीही विभाजनाला अनुकूल भूमिका घेतली. हे श्रेय नाकारणारा इतिहास खोटा ठरेल. परंतु याच यशवंतरावांनी डिसेंबर १९५५मध्ये फलटण येथे संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, अशी भूमिका घेतली होती. १९५५चे यशवंतराव आणि १९५९चे यशवंतराव यांत माणूस बदलला नव्हता, निष्ठाही बदलली नव्हती. मग काय बदलले? १९५५मध्ये ते नेहरूंना फक्त मराठी जनतेच्या भावना सांगू शकत होते. १९५७नंतर त्यांच्या हातात मतदारसंघांची यादी होती. पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला तीन चतुर्थांश जागा दिल्या असत्या, तर तेच यशवंतराव नेहरूंना कोणत्या आधारावर सांगणार होते की हे राज्य लोकांना नको आहे? शिवाय दिल्लीला १९५७मध्येच आणखी एक धडा मिळाला होता: केरळात कम्युनिस्ट पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला होता. ज्या आघाडीत डांगे अग्रभागी होते, ती १९६२मध्ये विदर्भ-मराठवाड्यातही पसरली तर काय होईल, हा विचार दिल्लीत कोणी केला नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विधानसभेची निवडणूक म्हणजे सार्वमत नव्हे. मतदार उमेदवाराला, जातीला, स्थानिक प्रश्नाला, महागाईला, पोलिसी अत्याचाराला मत देतो. त्याच्या मताला एकाच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचणे धोक्याचे असते. याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात १९६३च्या पहिल्याच निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाची मागणी करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष भाऊसाहेब बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. तो कौल विलीनीकरणाचाच आहे, असे महाराष्ट्रातल्या नेत्यांनी गृहीत धरले. पण १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी मगोपला पुन्हा सत्ता दिली. गोव्यातल्या बहुजन समाजाला बांदोडकर हवे होते, पण त्यांतल्या सगळ्यांनाच विलीनीकरण हवे होते असे नाही. मग पश्चिम महाराष्ट्रातल्या मतदाराला शेकाप, समाजवादी किंवा फेडरेशन हवे होते, आणि संयुक्त महाराष्ट्र केवळ त्यांच्या जाहीरनाम्यातले एक कलम होते, असे का म्हणू नये?

गोव्याचा दाखला जितका बोचरा आहे तितकाच तो दोन ठिकाणांमधला फरकही दाखवतो. मगोप हा एक पक्ष होता. कुळांचा प्रश्न, शिक्षण, बहुजनांचे प्रतिनिधित्व असा त्याचा स्वतंत्र सामाजिक आधार होता. समितीकडे असा सामाईक कार्यक्रमच नव्हता. कम्युनिस्ट आणि जनसंघ यांचे जमीन, उद्योग, परराष्ट्र धोरण, धर्म यांपैकी कशावरही एकमत नव्हते. त्यांना बांधणारी मागणी एकच होती. ज्या आघाडीत दुसरे काहीच सामाईक नाही, तिला पडलेले मत त्या एका मागणीचे मत मानण्यात चूक होण्याची शक्यता फार कमी उरते. रत्नागिरी लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण घ्या. तिथून १९५७मध्ये जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले. कोकणातल्या ज्या मतदाराला जनसंघ फारसा ठाऊकही नव्हता, त्याने मराठी राज्यासाठी एका गुजराती नावाच्या उमेदवाराला लोकसभेत पाठवले. या मताला जातीचे, पक्षाचे किंवा भाषिक द्वेषाचे मत कसे म्हणायचे? आणि एक प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनाही विचारला पाहिजे. गोव्याला स्वतंत्र जनमत कौलाची संधी मिळाली. महाराष्ट्राला ती का मिळाली नाही? प्रश्न थेट विचारण्याचा मार्ग बंद ठेवायचा आणि मग निवडणुकीतून आलेले उत्तर प्रश्नाला धरून नाही म्हणून नाकारायचे, हा न्याय नव्हे.

याच आक्षेपाचे एक उपांग गणिताचे आहे. समितीच्या जागा तिच्या मतांच्या मानाने फुगलेल्या होत्या, कारण एकास एक लढत झाली. हे खरे आहे. आंध्रमध्ये १९५५च्या निवडणुकीत नेमके उलटे घडले होते: कम्युनिस्टांना सुमारे ३१ टक्के मते मिळूनही त्यांच्याविरुद्ध आघाडी झाल्यामुळे १९६पैकी फक्त १५ जागा हाती लागल्या. आघाडीचे गणित जागा वाढवते किंवा बुडवते, त्यात नैतिक विजय शोधू नये, ही सूचना मला मान्य आहे. मात्र आघाडी हे आकाशातून पडलेले गणित नव्हते. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेले पक्ष एका उमेदवारामागे उभे राहिले आणि त्यांच्या मतदारांनी आपली मते निष्ठेने एकमेकांकडे वळवली, हीच तर मूळ घटना आहे. फेडरेशनच्या दलित मतदाराने शेकापच्या मराठा उमेदवाराला आणि मराठा शेतकऱ्याने फेडरेशनच्या उमेदवाराला मत दिले. पश्चिम महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे किती अवघड होते, हे तिथल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडणुकीच्या तीन महिने आधी गेले होते. त्यांच्या अनुयायांनी हा निर्णय निभावला, याची नोंद श्रेयाच्या वादात दोन्ही बाजूंनी फारच कमी घेतली आहे, आणि ती उणीव मला क्षम्य वाटत नाही.

संपूर्ण सभागृहाचे बहुमत हेच जनतेचे मत, असा आग्रह धरणाऱ्यांनी आयर्लंडकडे पाहावे. डिसेंबर १९१८च्या निवडणुकीत ब्रिटिश संसदेच्या ७०७ जागांपैकी आयर्लंडच्या वाट्याला १०५ होत्या. त्यांतल्या ७३ शिन फेन पक्षाने जिंकल्या आणि अनेक दशके आयरिश राजकारणावर पकड असलेला जुना संसदीय पक्ष आयर्लंडमध्ये सहा जागांवर आला. लंडनमधल्या बेरजेत मात्र लॉइड जॉर्ज यांच्या आघाडीला प्रचंड बहुमत होते. त्या बहुमतावरून आयर्लंडला ब्रिटिश राज्य मान्य आहे असा निष्कर्ष काढणे किती चुकीचे होते, हे पुढच्या तीन वर्षांनी दाखवले. डिसेंबर १९२१मध्ये ब्रिटनला तह करावा लागला. मात्र शिन फेनच्या सदस्यांनी लंडनच्या सभागृहात पाऊल ठेवले नाही, आपली वेगळी सभा भरवली आणि देश सशस्त्र संघर्षात ओढला गेला. एस. एम. जोशी, अत्रे आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या विधानसभेत जाऊन बसले. ज्या राज्याचे अस्तित्वच त्यांना मान्य नव्हते, त्याच्या सभागृहात त्यांनी प्रश्न विचारले, अर्थसंकल्पावर भाषणे केली, आणि विभाजन घटनात्मक मार्गाने होईल यावर विश्वास ठेवला. बहुसंख्येच्या सभागृहात अल्पसंख्य ठरलेल्या प्रदेशाने आपला कौल कसा जपावा, याचे इतके चांगले उदाहरण भारताच्या संसदीय इतिहासात विरळ आहे. त्याचा अभिमान आपण का बाळगत नाही?

मताचे नैतिक बळ पुरेसे असते, असा माझा दावा नाही. उलट त्याच काळातला एक कटू पुरावा त्याविरुद्ध आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी मतदारांनीही १९५७पासून पुन्हा पुन्हा एकीकरणवादी उमेदवार निवडून दिले. त्यांचा कौल पुणे-साताऱ्याइतकाच स्पष्ट होता आणि त्यांचा त्याग कमी नव्हता. पण तो कौल म्हैसूर राज्याच्या विधानसभेत पडला, जिथे सत्ताधारी पक्षाला त्या मूठभर जागांची गरज नव्हती. तीच भाषा, तीच मागणी, तेच वर्ष. एका ठिकाणी तीन वर्षांत राज्य मिळाले आणि दुसऱ्या ठिकाणी आजतागायत न्यायालयाच्या तारखा मिळत आहेत. कौल किती न्याय्य आहे यापेक्षा सत्ताधाऱ्याला तो किती अडचणीचा आहे, यावर त्याचे फळ ठरले. हे सत्य सुखावणारे नाही, पण १९५७चे महत्त्व समजून घ्यायचे तर ते टाळता येत नाही.

राहिला १९६२चा आक्षेप. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने २६४पैकी २१५ जागा जिंकल्या आणि समितीचे घटक पक्ष कोसळले. म्हणजे १९५७चा निकाल ही तात्पुरती लाट होती, असे सांगितले जाते. मागणी पूर्ण झाल्यावर मागणीसाठी जमलेले लोक आपापल्या घरी गेले, यात आश्चर्य कसले? प्रजासमाजवादी आधीच बाहेर पडले होते, शेकापमधले अनेक कार्यकर्ते काँग्रेसमध्ये गेले होते. महत्त्वाचे हे की १९६२मध्ये जिंकलेली काँग्रेस ही १९५२ची काँग्रेस उरली नव्हती. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांच्या मुंबईकेंद्रित वर्चस्वाऐवजी ग्रामीण महाराष्ट्रातून आलेले, सहकारी संस्थांतून वर आलेले नेतृत्व तिच्या केंद्रस्थानी होते. १९५७मध्ये मतदाराने ज्या काँग्रेसला पाडले, ती काँग्रेस १९६२मध्ये निवडणुकीला उभीच नव्हती. पक्षांमधला तोल बदलला आणि त्या बदलाला सामावून घेण्यासाठी जिंकणाऱ्या पक्षाला स्वतःच्या आतला तोल बदलावा लागला.

विभागवार वाचनाचा हा आग्रह आपल्या सोयीपुरता धरता येणार नाही. १९६०मध्ये नवी निवडणूक झाली नाही. १९५७चेच सदस्य महाराष्ट्राच्या विधानसभेत आले, आणि नव्या राज्यात काँग्रेसचे बहुमत विदर्भ आणि मराठवाड्याच्या जागांवर उभे होते. आयोगाने सुचवलेला वेगळा विदर्भ पुन्हा विचारात घेणे काँग्रेसला का परवडणारे नव्हते, याचे उत्तर माझ्या मते याच आकड्यांत आहे. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. निजामी राजवटीतून आणि मग हैदराबाद राज्यातून बाहेर पडून मराठी मुलखाशी जोडले जाणे हेच तिथल्या मतदाराला १९५६मध्ये मिळाले होते. पण विदर्भाने १९५७मध्ये समितीला नाकारले, ते काँग्रेसवरच्या निष्ठेने, द्विभाषिकाच्या समर्थनाने की वेगळेपणाच्या इच्छेने, हे त्या मतांतून सांगता येत नाही. १९६२मध्ये राज्यभर काँग्रेसची सरशी होत असताना नागपूरच्या मतदारांनी वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. एका जागेवरून विदर्भाचा कौल सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही पुणे-साताऱ्याच्या १९५७च्या मतांना एकूण बेरजेत बुडू देऊ नका असे जे आपण सांगतो, त्या आपणच नागपूरच्या १९६२च्या मताला २१५ जागांच्या बेरजेत बुडवत आलो आहोत. संयुक्त महाराष्ट्राचा निःसंदिग्ध समर्थक म्हणून मला हे लिहावेसे वाटते की गोव्याला जो प्रश्न थेट विचारला गेला, तो विदर्भाला आजपर्यंत कोणीही विचारलेला नाही, आणि तो विचारण्याला विरोध करताना १९५७चा दाखला देण्याचा अधिकार आपल्याला नाही.